वगळलेली तीन वर्षे

माणूस आपल्या आयुष्याची हकिकत लिहायला बसतो, तेव्हा तो काय सांगतो याइतकेच तो काय गाळतो यालाही महत्त्व असते. ऑस्ट्रियाचे कुर्ट वाल्डहाइम यांचे १९८५ साली प्रसिद्ध झालेले आठवणींचे पुस्तक या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. वाल्डहाइम हे काही सामान्य गृहस्थ नव्हते. १९७२ ते १९८१ अशी दहा वर्षे ते संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस होते. १९७७ साली अमेरिकेने अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर मानवजातीचा संदेश देणारी जी सोनेरी तबकडी बसवली आहे, तिच्यावर त्यांचा आवाज आहे. पृथ्वीच्या वतीने शांती आणि मैत्रीचा निरोप देण्यासाठी निवडलेला हा माणूस १९८६ साली आपल्या देशाच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि त्याच्याच आयुष्यातील तीन वर्षे त्याच्यासमोर येऊन उभी ठाकली.

पुस्तकात त्यांनी सांगितले होते ते असे : दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यातून ते रशियन आघाडीवर लढले, १९४१ च्या डिसेंबरात पायाला जखम झाली, आणि पुढे व्हिएन्नाला परतून त्यांनी कायद्याचा अभ्यास पुरा केला. यातले काहीच खोटे नव्हते, तरीही सारे मिळून खोटे होते. मार्च १९८६ मध्ये ऑस्ट्रियातील 'प्रोफिल' साप्ताहिकाने आणि पाठोपाठ अमेरिकेतील वृत्तपत्रांनी जुनी कागदपत्रे उजेडात आणली. जखम बरी झाल्यावर १९४२ मध्ये वाल्डहाइम पुन्हा सैन्यात रुजू झाले होते. युगोस्लाव्हिया आणि ग्रीस या प्रदेशांत, पुढे जनरल अलेक्झांडर ल्योर यांच्या सेनासमूहाच्या मुख्यालयात, ते गुप्तवार्ता विभागाचे अधिकारी होते. याच ल्योर यांना युद्धानंतर, १९४७ साली, बेलग्रेड येथे युद्धगुन्हेगार म्हणून मृत्युदंड देण्यात आला. मुख्यालय होते ग्रीसमधील थेसालोनिकी शहरालगतच्या आर्साक्ली या गावी. १९४३ च्या मार्च ते ऑगस्ट या काळात त्या एका शहरातून ४०,००० हून अधिक यहुदी स्त्रीपुरुष आणि मुले आगगाडीच्या मालडब्यांत कोंबून आउशविट्झच्या छळछावणीकडे रवाना करण्यात आली. त्यांतील बहुतेक परतली नाहीत. शहराच्या लोकसंख्येचा एक मोठा भाग डोळ्यांदेखत नाहीसा झाला. वाल्डहाइम म्हणाले, आपल्याला याची कल्पना नव्हती.

आरोप वाढू लागले तसा त्यांचा बचावही ठरून गेला. आपण युद्धात दुसरे काही केले नाही, लाखो ऑस्ट्रियनांप्रमाणे सैनिकाचे कर्तव्य तेवढे बजावले, असे ते सांगू लागले. परदेशांतून टीका होऊ लागताच त्यांच्या पक्षाने 'आता तर नक्कीच' अशा अर्थाची घोषणा दिली. ८ जून १९८६ रोजी दुसऱ्या फेरीत ५३.९ टक्के मते मिळवून वाल्डहाइम निवडून आले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने त्यांचे नाव प्रवेशबंदीच्या यादीत टाकले. एका राष्ट्राच्या प्रमुखाला, संयुक्त राष्ट्रसंघाच्या माजी सरचिटणिसाला, न्यूयॉर्कमधील आपल्या जुन्या कार्यालयाच्या दारापर्यंतही जाता येईना.

या माणसाचा न्याय करताना त्याच्या बाजूचेही ऐकले पाहिजे, कारण न्यायाची सुरुवात ऐकण्यापासून होते. वाल्डहाइम एका कॅथलिक घरात वाढले. त्यांचे वडील नाझीविरोधी होते. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांची नोकरी गेली आणि त्यांना अटकही झाली. त्या विलीनीकरणाविरुद्ध प्रचार करताना कुर्टने स्वतः मार खाल्ला होता. पुढे नाझी विद्यार्थी संघटनेत आणि घोडेस्वारांच्या नाझी पथकात त्यांच्या नावाची नोंद झाली, ती कदाचित घर वाचवण्यासाठी असेल, शिक्षण पुरे व्हावे म्हणून असेल. वय होते एकोणीस. आपल्यापैकी किती जणांनी छातीवर हात ठेवून सांगावे की त्या वयात, त्या भीतीत आपण वेगळे वागलो असतो? त्या दिवसांत थोरामोठ्यांचेही पाय डळमळले होते. मार्च १९३८ मध्ये व्हिएन्नाचे कार्डिनल इनित्झर आणि इतर बिशपांनी विलीनीकरणाला अनुकूल असे निवेदन काढले. पोप महोदयांनी त्यांना रोमला बोलावून खुलासा करायला लावला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्डिनलांनी कॅथेड्रलमध्ये जमलेल्या तरुणांना ख्रिस्त हाच आपला नेता असल्याचे ठणकावून सांगितले, तेव्हा दुसऱ्या दिवशी नाझी तरुणांच्या टोळीने त्यांच्या निवासस्थानाची नासधूस केली. पाय घसरला तरी माणूस पुन्हा उभा राहू शकतो, हे त्यांनी दाखवले.

भीती, वय, परिस्थिती यांमुळे दोषाची तीव्रता कमी होते, असे आपले नीतिशास्त्रही मानते. पण 'मी केवळ कर्तव्य केले' हे वाक्य परिस्थितीची कैफियत मांडत नाही. ते दोषच नाकारते. म्हणून त्याची परीक्षा करणे भाग आहे.

ही परीक्षा ऑस्ट्रियाच्याच एका शेतकऱ्याने अगोदर करून ठेवली आहे. सांक्ट राडेगुंड या छोट्या खेड्यातील फ्रान्झ येगरश्टेटर शेती सांभाळून गावच्या चर्चमध्ये साक्रिस्तानाची सेवा करत असे. १९३८ च्या सार्वमतात गावात विरोधी मत देणारा तो एकटा होता. हिटलरचे युद्ध अन्याय्य आहे, त्यात शस्त्र हाती घेणे पाप आहे, असे त्याच्या सदसद्विवेकबुद्धीने त्याला सांगितले. मार्च १९४३ मध्ये बोलावणे आले तेव्हा त्याने लढण्यास नकार दिला. जखमींची शुश्रूषा करण्याची त्याची तयारी होती, ती मानली गेली नाही. घरी पत्नी फ्रान्झिस्का आणि तीन लहान मुली होत्या. शेजाऱ्यांनी, धर्मगुरूंनी, लिंझच्या महागुरूस्वामींनीही त्याला कुटुंबाविषयीच्या कर्तव्याची आठवण करून दिली. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद करण्यात आला.

तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहा. मार्च ते ऑगस्ट १९४३. थेसालोनिकीहून आगगाड्या सुटत होत्या ते हेच महिने, आणि येगरश्टेटर कोठडीत मृत्यूची वाट पाहत होता तेही हेच महिने. दोन्ही माणसे एकाच देशाची, एकाच धर्मश्रद्धेत वाढलेली. 'कर्तव्य' हा शब्द दोघांच्याही कानांवर पडला. एकाने त्या शब्दाच्या आड आसरा घेतला. दुसऱ्याने विचारले, कर्तव्य कोणाविषयीचे, आणि ते ठरवणार कोण?

यावर एक आक्षेप येतो व तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. हुतात्मा होणे ही देवाची कृपा आहे, ती सर्वांकडून अपेक्षिणे क्रूरपणाचे ठरेल. हे खरे आहे. लष्करी मुख्यालयातील एका कनिष्ठ अधिकाऱ्याने नकार दिला असता तर आगगाड्या थांबल्या असत्या असेही नाही. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आंधळे आज्ञापालन ही अमानुष कृत्यांची सबब होऊ शकत नाही असे बजावले आणि अशा आज्ञांना उघड विरोध करणाऱ्यांच्या धैर्याचा गौरव केला. प्रत्येकाला ते धैर्य लाभेलच असे मात्र तिने म्हटले नाही. तेव्हा १९४३ च्या वाल्डहाइमला आपण देवाच्या दयेवर सोपवू या. प्रश्न १९८६ च्या वाल्डहाइमचा आहे. चोवीस वर्षांच्या लेफ्टनंटला मृत्यूचे भय होते. सदुसष्ट वर्षांच्या उमेदवाराला कशाचे भय होते? सत्य सांगितले असते तर कोणी त्याचा शिरच्छेद करणार नव्हते. फार तर एक निवडणूक हातची गेली असती.

ऑस्ट्रियन सरकारने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय इतिहासतज्ज्ञांच्या समितीने फेब्रुवारी १९८८ मध्ये आपला अहवाल दिला. वाल्डहाइम यांनी स्वतः युद्धगुन्हा केल्याचा पुरावा तिला मिळाला नाही. मात्र आपल्या भोवती काय चालले आहे याची त्यांना चांगली माहिती होती, त्याला त्यांनी विरोध केला नाही आणि पुढे आपला लष्करी भूतकाळ झाकून ठेवला, असा तिचा निष्कर्ष होता. नाझी गुन्हेगारांचा शोध घेण्यात आयुष्य घालवलेल्या सीमोन वीझेन्थाल यांनीही वाल्डहाइमना युद्धगुन्हेगार म्हणण्याचे नाकारले. पण थेसालोनिकीविषयी आपल्याला काहीच ठाऊक नव्हते, या त्यांच्या दाव्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. कायद्याच्या दरबारात असा माणूस निर्दोष सुटतो. आपण मात्र प्रत्येक मिस्साच्या आरंभी विचार, शब्द, कृती यांच्या जोडीला करायचे राहून गेलेल्या गोष्टींबद्दलही क्षमा मागतो. पाहिले आणि बोललो नाही, ठाऊक होते आणि हललो नाही, याला कायद्यात कलम नसेल, पण आपल्या रोजच्या प्रार्थनेत त्याला जागा आहे.

प्रायश्चित्त संस्कारात आपल्याला एक क्रम शिकवला जातो : आधी मनाची झडती, मग पश्चात्ताप, मग कबुली, मग भरपाई, आणि या साऱ्यांतून क्षमा. ऑस्ट्रियाच्या त्या निवडणुकीत बहुसंख्य मतदारांनी हा क्रम उलटा केला. झडती होण्याआधीच त्यांनी क्षमा देऊन टाकली, कारण त्या एका माणसाबरोबर ते स्वतःलाही क्षमा करत होते. १९४३ च्या मॉस्को जाहीरनाम्यात दोस्तराष्ट्रांनी ऑस्ट्रियाला हिटलरी आक्रमणाचा पहिला बळी म्हटले होते. त्या शब्दांच्या आडोशाला सारा देश चार दशके निवांत बसला होता. वाल्डहाइमच्या पुस्तकातून वगळलेली वर्षे घराघरांतल्या गप्पांतूनही वगळली गेली होती. मतपेटी ही पापनिवेदनाची जागा नव्हे. बहुमताने सत्ता मिळते, पापमुक्ती मिळत नाही. आणि थेसालोनिकीच्या मृतांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार व्हिएन्नाच्या मतदारांना कोणी दिला होता?

आपल्या मनाला बोचणारी एक गोष्ट येथे टाळता येत नाही. २५ जून १९८७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी वाल्डहाइम यांची व्हॅटिकनमध्ये भेट घेतली. अनेक देशांचे दरवाजे बंद असताना हे दार उघडले गेले. जगभरच्या यहुदी बांधवांना त्याचे अतोनात दुःख झाले. त्यांचे दुःख समजण्यासारखे होते. प्रभू येशू जक्कयाच्या घरी गेला होता, असे आपण म्हणू शकतो. परंतु त्या घरी जक्कय उभा राहिला आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे त्याने सर्वांसमक्ष वचन दिले. पाप्याला दार उघडणे हा ख्रिस्तसभेचा धर्मच आहे. मात्र उघडलेल्या दारातून आत आलेल्याने काही बोलावे, ही अपेक्षाही त्याच धर्माचा भाग आहे. पुढे याच पोप महोदयांनी मार्च २००० मध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांनी इतिहासात केलेल्या पापांबद्दल, यहुदी जनतेविरुद्धच्या पापांबद्दलही, जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. कबुली दिल्याने ख्रिस्तसभा लहान झाली नाही.

खरे तर कबुलीचे धडे आपल्याला दूर शोधावे लागत नाहीत. ख्रिस्तसभेचा पहिला प्रमुख जो पेत्र, त्याने शेकोटीजवळ एका दासीसमोर प्रभूला ओळखत नसल्याचे सांगितले. ही लाजिरवाणी घटना गाळून टाकणे सुवार्तिकांना अवघड नव्हते. तरी चारही शुभवर्तमानांत ती नोंदलेली आहे आणि दर उत्तम शुक्रवारी आपण ती सर्वांसमक्ष मोठ्याने वाचतो. पेत्राने आपल्या चरित्रातील ती रात्र वगळली नाही. म्हणूनच तो रडू शकला, आणि म्हणूनच मेंढरे सांभाळण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवता आली. पुढाऱ्याचा भूतकाळ निष्कलंक असावा, ही अपेक्षा ठेवली तर पेत्रालाही पद मिळाले नसते. भूतकाळ झाकलेला नसावा, एवढीच अपेक्षा पुरेशी आहे आणि ती सोडता येण्याजोगी नाही.

वाल्डहाइम यांनी सहा वर्षांची मुदत पुरी केली. १९९२ साली ते पुन्हा उभे राहिले नाहीत. त्यांच्या निवडीने उठलेल्या वादळात ऑस्ट्रियाला अखेर आरशात पाहावे लागले. ८ जुलै १९९१ रोजी चॅन्सेलर फ्रान्झ व्रानित्स्की यांनी ऑस्ट्रियनांच्या सहभागाची जबाबदारी संसदेत मान्य केली. १४ जून २००७ रोजी वाल्डहाइम वारले. मागे ठेवलेल्या पत्रात, नाझी गुन्ह्यांविषयी आपण फार उशिरा बोललो, अशी खंत त्यांनी व्यक्त केली होती. त्यानंतर चारच महिन्यांनी, २६ ऑक्टोबर २००७ रोजी, लिंझच्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्झ येगरश्टेटरला धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले. वयाची नव्वदी उलटलेली त्याची पत्नी फ्रान्झिस्का त्या सोहळ्याला उपस्थित होती.

त्या उशिराच्या पत्राचा आपण अव्हेर करू नये. द्राक्षमळ्याच्या धन्याने शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण मजुरी दिली होती. पण त्या मजुराच्या वाट्याला मळ्यातला उभा दिवस आला नाही, हीच त्याची हानी. आपण मत देताना उमेदवाराला त्याची वगळलेली वर्षे विचारू या. आणि रात्री कुटुंबात रोझरीसाठी गुडघे टेकू तेव्हा आपलीही वगळलेली वर्षे आठवू या, कारण ज्याने स्वतःला हा प्रश्न विचारलेला नाही, त्याच्या तोंडी तो दुसऱ्याला विचारताना खरा वाटत नाही.