सोवळ्यातली रोपं

ऑर्किडच्या धुळीएवढ्या बीजात अन्नसाठा जवळपास नसतोच. रानात बुरशीने भरवलं तरच ते रुजतं. लुईस क्नुडसन यांनी 1922 मध्ये ते साखर घातलेल्या निर्जंतुक अगारवर (जेलीसारख्या माध्यमावर), बुरशीवाचून रुजवून दाखवलं. मग शुद्धतेनेच जीव तगतो, असं सोवळ्याचा कैवारी म्हणेल. अशी रोपं वाढवतात त्या बाटलीत बुरशीचा एक ठिपका शिरला तरी रोपं जातात, हे त्याचं म्हणणं खरंच. पण बुरशी तिथे माजते ती आपणच ओतलेल्या साखरेवर! शिवाय आतल्या दमट हवेत पानांवरचा मेणाचा थर पातळच राहतो, पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. मनाचंही तसंच: विकारांशी गाठच न पडलेल्या मनाला विरक्त म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. एकदम उघड्यावर आणलेलं रोप सुकतं, हा आक्षेप घाईला लागू पडतो, संपर्काला नाही. जाणकार मुळांना चिकटलेलं अगार धुऊन काढतात, रोपं सावलीत झाकून ठेवतात आणि झाकण रोज थोडं थोडं उघडत नेतात.