हे ड्रॉइंग परत घेऊन जा

या कागदावर मी सही करणार नाही. का करणार नाही, ते चौघांनीही नीट ऐका.

बॉल जॉइंटच्या सीटखाली तुम्ही 'मटेरियल : पीओएम' एवढंच लिहिलंय. हे प्लास्टिक होमोपॉलिमर की कोपॉलिमर? पहिलं साधारण १७५ अंशांना वितळतं, दुसरं १६५ च्या आसपास. दोन्हींची ताकद आणि उष्णता सोसण्याची तऱ्हा वेगळी आहे. शेजारी मटेरियलची ताकद लिहिलीय, ती २३ अंशांवरची, तक्त्यातून जशीच्या तशी उतरवलेली. चाकाच्या आत, तापलेल्या ब्रेक डिस्कला खेटून बसलेल्या जॉइंटला २३ अंश कुठून मिळणार? मे महिन्यात भरलेली गाडी खंबाटकी घाट उतरते तेव्हा तिथे काय तापमान असेल, हा प्रश्न चौघांपैकी एकाच्याही मनात येऊ नये? ८०-१०० अंशांवर पीओएमचा ताठपणा निम्म्याहून खाली येतो. मग तुमच्या 'सुरक्षागुणांक ४' ला काय अर्थ उरला?

तुमची मूळ चूक ही, की तुम्ही प्लास्टिकला मऊ पोलाद समजलात. पोलादाचं गणित घेतलंत, आकडे बदललेत, आणि काम झालं म्हणालात. अरे, पोलादावर भार ठेवून दहा वर्षांनी परत या, ते बहुतेक तसंच असेल. प्लास्टिक तेवढ्या काळात सरकलेलं असतं. त्याच्यासाठी काळ हाही एक भारच आहे, आणि तुमच्या अहवालाच्या चाळीस पानांत काळाचं नाव नाही.

आता हा प्रीलोड बघा. बॉल खुळखुळू नये म्हणून हाउसिंगची कड दाबून बंद करताना सीट थोडी आवळली जाते. बरोबर. पण पुढे? पीओएम एका अंशाला मीटरमागे सुमारे ११० मायक्रॉन वाढतं, पोलाद सुमारे १२. सीटची भिंत अडीच मिमीची धरा आणि तापमान ६० अंशांनी वाढवा. मोकळी असती तर ती भिंत साडेसोळा मायक्रॉन जाड झाली असती. पण ती मोकळी नाही. बाहेर पोलादी हाउसिंग, आत पोलादी बॉल, पळायला जागा नाही. ताण चढतो, आणि नेमकं त्याच वेळी प्लास्टिक मऊ झालेलं असतं. मग ते मिळेल त्या फटीत वाहतं. संध्याकाळी गाडी थंड झाली की सीट आकसते, पण वाहून गेलेलं प्लास्टिक मागे येत नाही. प्रीलोड तिथेच सुटायला लागतो. असं शेकडो वेळा झालं की खड्ड्यात खट् असा आवाज येतो, आणि गॅरेजवाला चाक हलवून सांगतो, 'प्ले आलाय, जॉइंट गेला.' तो जॉइंट रस्त्यावर गेला नाही. तो या कागदावरच गेला होता.

सीटला उभे काप ठेवतात, तळाशी थोडी मोकळी जागा सोडतात, ते याचसाठी: वाढलेल्या प्लास्टिकला बॉल न आवळता जायला वाट हवी. तुम्ही मात्र अखंड वाटी काढलीत, कारण स्क्रीनवर ती गुळगुळीत दिसते. तीही एकसारखी नाही. कडेला २ मिमी, तळाशी ५. पीओएम साच्यात सुमारे २ टक्के आकसतं. जाड भाग उशिरा थंड होतो, जास्त आकसतो, आत पोकळी धरतो. मग गोल भाग गोल राहत नाही, बॉल तीन-चार जागीच टेकतो, आणि साऱ्या पृष्ठभागावर वाटून घेतलेला तुमचा दाब त्या तीन-चार जागांवर येतो.

मोल्डिंगच्या शीटवर तर बॅरलचं तापमान २४० लिहिलंय. कशासाठी, तर 'पातळ भिंत भरावी म्हणून'. पॉलिमर शिकलात ना तुम्ही? रसायनशास्त्रज्ञ श्टाउडिंगर यांनी १९२० च्या दशकात हेच पदार्थ अभ्यासले, तरी बाजारात यायला १९६० उजाडलं. कारण तापवलं की साखळी टोकापासून सुटत जाते आणि फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतो. होमोपॉलिमर बनवणाऱ्या डेलरिनवाल्यांनी साखळीची टोकं बंद केली, कोपॉलिमरवाल्यांनी साखळीत अडथळे घातले, तेव्हा हे मटेरियल कारखान्यात उभं राहिलं. नेहमीचं तापमान १९० ते २१५. तुम्ही २४० ला ते बॅरलमध्ये रेंगाळू दिलंत, तर सीट ठिसूळ निघेल आणि मशीनवरच्या माणसाचे डोळे चुरचुरतील. त्या माणसाचा विचार हाही डिझाइनचाच भाग आहे.

त्याच शीटवर शेवटची पायरी आहे, 'संपूर्ण जॉइंट ईडी कोटिंगला पाठवणे'. ते कोटिंग भट्टीत भाजून पक्कं करतात, आणि त्या भट्टीत सुमारे १८० अंश असतात. सीट कोणत्याही पीओएमची असो, १६५ ते १७५ ला वितळते. हे वाचून मी कागद खाली ठेवला. चौघांनी सह्या केल्यात, म्हणजे चौघांपैकी एकानेही शीट वाचलं नाही. हाउसिंगला आधी कोटिंग, जुळणी नंतर!

भाराबद्दल एकच विचारतो. गाडी कोणती? मॅकफर्सन स्ट्रट असेल तर स्प्रिंगचा भार खालच्या जॉइंटवर येत नाही, ब्रेक आणि वळणाचे धक्के येतात. डबल विशबोन असेल आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर बसली असेल, तर गाडीचं वजनही त्याच जॉइंटमधून जातं. तुम्ही 'भार : ८ किलोन्यूटन' लिहिलंत. कोणत्या दिशेने, किती वेळा, काही नाही. हा जॉइंट निसटला की चाक आडवं पडतं आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी कोणाची राहत नाही. आत मुलंबाळं बसलेली असतात. म्हणून मी चिडलोय, मार्कांसाठी नाही.

ग्रीसच्या खाचा नाहीत, जॉइंट झाकणारा रबरी बूट काळ्या रेषेने दाखवून सोडलाय. तो बूट हाच या जॉइंटचा प्राण आहे. तो फाटला की चिखल आत जातो, बॉल गंजतो, आणि गंजलेला बॉल सीट कानशीसारखा घासतो. तिथे कुठलंही महाग मटेरियल टिकत नाही, पीईईके घातलंत तरी. त्यामुळे 'पीईईके वापरू' हे उत्तर माझ्यापुढे आणू नका. ग्रीस सीटला आणि बुटाच्या रबराला, दोन्हींना चालतं का, ते आधी तपासा. चाचणीही कोरड्या, स्वच्छ खोलीत नको. वाळू, मीठपाणी, उणे ४० अंश, मग उष्णता, आणि त्यातच हालचाल. रात्रभर उभ्या गाडीचा जॉइंट पहिल्यांदा हलायला किती टॉर्क मागतो आणि चालू असताना किती, हे दोन्ही वेगवेगळे मोजा. पहिला फार चढला तर स्टिअरिंग अडकल्यासारखं वाटतं, दुसरा फार उतरला तर प्रीलोड संपला.

आता कॉम्प्युटर बंद करा. गॅरेजमध्ये जा, बदलून टाकलेले पाच-सहा जॉइंट मागून आणा. कुठल्या गाडीचे, किती चाललेले, बूट फाटलेला होता का, हे त्या मेकॅनिककडून नीट विचारून लिहून घ्या. त्याला अहो-जाहो म्हणा, तुमच्यापेक्षा त्याने हे जास्त पाहिलंय. मग वाइसमध्ये धरून हॅकसॉने उभे कापा. गॅस कटर लावायचा नाही. पीओएमची ज्योत नीट दिसतही नाही आणि निघणारा वायू विषारी असतो. सीट आठ ठिकाणी मोजा. कुठे पातळ झाली, काप भरून गेले का, गंजाचा पट्टा बॉलच्या कुठल्या बाजूला आहे, सगळं वहीत हाताने लिहून सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर ठेवा.