विसरणाचे गणित आणि शिरोलीचा साचा

पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या शिरोली एमआयडीसीत, लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात उतरल्यावर कोठे आधी थिजेल आणि कोठे मागाहून आकसून पोकळी ठेवील, याचा निवाडा पूर्वी केवळ मुरब्बी मोल्डरच्या अंदाजावर होत असे; आता तेच भाकीत संगणकाच्या पडद्यावर रंगीत चित्र होऊन अवतरते, आणि त्यामागचे समीकरण फूरिएने 1822 साली उष्णतेसाठी मांडलेले आहे. तेच समीकरण ॲडॉल्फ फिकने 1855 मध्ये पाण्यात पसरणाऱ्या मिठास, म्हणजेच विसरणास, लागू केले.

म्हणूनच ओतकामाशी वरकरणी सुतराम संबंध नसलेली एक रचना येथे मांडण्यास मला संकोच वाटत नाही. काचेवर अत्यल्प अंतराने बसविलेल्या धातूच्या दोन पट्ट्या. एकीवर द्रावणातला रुब्रीनसारखा रेणू इलेक्ट्रॉन गमावतो, दुसरीवर तोच कमावतो, आणि हे दोन आयन विसरणाने वाटचाल करीत एकमेकांस भेटले की त्या भेटीतून प्रकाश फुटतो. अंतर 10 मायक्रोमीटर असल्यास ही वाट सेकंदाच्या सुमारे विसाव्या हिश्शात सरते. 1 मिलिमीटर केल्यास आठ मिनिटे लागतात, कारण काळ अंतराच्या वर्गाने वाढतो. कास्टिंगची जाडी दुप्पट झाली की थिजण्यास चौपट वेळ लागतो, हा ख्वोरिनोव्हचा 1940 चा नियम याच कुळातला.

हिशेबाची खरी अडचण पट्टीच्या कडेवर आहे. धातू संपून काच सुरू होते त्या रेषेवर आदर्श गणितात प्रवाहाची घनता अनंत होते, आणि सरसकट समान चौकोनांची जाळी पसरणारा गणिती नेमका तेथेच फसतो. म्हणून अनुरूपी प्रतिचित्रणाने सारा प्रदेशच नव्या निर्देशकांत वळवून घेण्याची युक्ती योजिली जाते. साच्यात ही जागा कोपऱ्याची, जाड-पातळ भागांच्या सांध्याची. (चुकीचे चित्रही बरोबर चित्राइतकेच देखणे असते, हे या विद्येचे मोठेच वैगुण्य.)

परंतु पट्ट्यांच्या प्रयोगात प्रकाशाची रेघ आपली कैफियत आपणच देते: दोन्ही आयन सारख्या वेगाने चालत असतील तर ती मध्यावर दिसते, एक मंद असेल तर त्याच्या पट्टीकडे सरकते, आणि गणिताला सूक्ष्मदर्शकाखाली जाब द्यावा लागतो. कास्टिंगमधली पोकळी अशी उजळत नाही. तुकडा कापावा लागतो वा क्ष-किरणाखाली धरावा लागतो. तेव्हा कारखानदारांनी रंगांवर न भाळता कोपऱ्यातील जाळी किती बारीक घेतली आणि कापलेल्या तुकड्याशी भाकिताचा मेळ घातला की नाही, याचा तपशील प्रथम मागावा.