अग्रक्रम आणि मान

आधीं कोणीं जावें, हा प्रश्न लग्नाच्या पंक्तींत उपस्थित झाला म्हणजे आपण हंसतों. परंतु नीतिशास्त्रांतले पुष्कळसे गंभीर वाद शेवटीं ह्याच प्रश्नापाशीं येऊन थांबतात. सर्वांना सर्व कांहीं एकाच वेळीं देतां येत नाहीं. कोणाला तरी थांबवावें लागतें, आणि ज्याला थांबवावयाचें त्याला कारण सांगावें लागतें. माझ्या पुतण्याचा व्यवसायच असा आहे कीं, हा प्रश्न त्याला दररोज सोडवावा लागतो. मात्र माणसांविषयीं नव्हे, यंत्रांविषयीं. तो ज्या संगणकांवर काम करतो, त्यांच्या व्यवस्थेला रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. उशीरा आलेलें बरोबर उत्तर तेथें चुकीचेंच धरतात. मोटार आदळल्यावर तिच्यांतील हवेची पिशवी दोन सेकंदांनीं अगदीं निर्दोष रीतीनें फुगली, तर त्या निर्दोषपणाचें कौतुक करावयास आंतला मनुष्य उरेलच असें नाहीं.

अशा संगणकांत कामें अनेक आणि तीं करणारा मेंदु बहुधा एकच. म्हणून प्रत्येक कामाला अग्रक्रमाचा एक अंक देतात. ज्या कामांची करण्याची तयारी आहे, त्यांतील वरच्या अंकाच्या कामाला मेंदु मिळतो. खालचें काम अर्ध्यावर असलें तरी बाजूस सारलें जातें. (व्हीएक्सवर्क्स नांवाच्या प्रणालींत शून्य हा सर्वांत मोठा मान आणि २५५ हा सर्वांत हलका. इतर कांहीं प्रणालींत नेमकें उलट. मानापमानाच्या कल्पना देशोदेशीं बदलतात, त्यांतलाच हा प्रकार!)

मीं अर्थातच असें गृहीत धरलें कीं, अधिक महत्त्वाचें काम तें वर. पुतण्यानें मान हलविली. १९७३ सालीं लिउ आणि लेलंड ह्या दोघांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. ठराविक कालानें पुनः पुनः येणारीं आणि परस्परांवर अवलंबून नसलेलीं कामें असतील, आणि प्रत्येकाचा अंक एकदांच ठरवावयाचा असेल, तर जें काम अधिक लवकर पुनः यावयाचें त्याला वरचा अंक द्यावा. ह्याहून अधिक यशस्वी दुसरी वांटणी नाहीं, असें त्यांनीं त्यांत सिद्ध केलें. कामाची थोरवी किती, हा प्रश्नच तेथें विचारलेला नाहीं. पुढची मुदत किती जवळ आहे एवढेंच पाहिलें आहे. तसेंच, मेंदूचा सुमारें ६९ टक्के वेळच कामांत गुंतविला, तर कामें कितीहि असोत, कोणाचीहि मुदत चुकणार नाहीं, अशी हमी त्यांच्या गणितानें मिळते. सवडीचा इतका भक्कम कैवार आळशी माणसांनींहि कधीं घेतला नसेल.

हें ऐकून मला प्रथम समाधान वाटलें. अग्रक्रम म्हणजे मान नव्हे, ती केवळ सोय आहे, असें मानलें कीं मत्सराचें अर्धें मूळ उपटलें जातें. परंतु हें समाधान फार वेळ टिकलें नाहीं.

४ जुलै १९९७ रोजीं अमेरिकेचें पाथफाइंडर यान मंगळावर उतरलें. कांहीं दिवसांतच त्यावरील संगणक मधूनच आपलें काम टाकून पुनः प्रारंभापासून सुरू होऊं लागला. गोळा झालेली माहिती नष्ट होत नसे, परंतु त्या दिवसाचें उरलेलें काम दुसऱ्या दिवसावर पडे. यानाच्या निरनिराळ्या भागांमधील माहितीची ने-आण वेळेवर होते कीं नाहीं हें पाहणारें एक अत्यंत वरच्या अग्रक्रमाचें काम होतें. मंगळावरील हवामानाची नोंद घेणारें काम अगदीं खालच्या पायरीवरचें. दोघांनाहि एक सामाईक साधन वापरावें लागे, आणि एकानें तें घेतलें कीं दुसऱ्यानें थांबावयाचें, असें त्याला जणुं कुलूप होतें. हवामानाच्या कामानें एखादे वेळीं तें कुलूप हातीं घेतलें, आणि तेवढ्यांत मधल्या अग्रक्रमाचीं लांबलचक कामें आलीं, कीं नियमाप्रमाणें त्याला बाजूस सारलें जाई. कुलूप त्याच्याजवळच राही. सर्वांत वरचें काम त्या कुलुपासाठीं तिष्ठत बसे, आणि ज्यांचा त्या कुलुपाशीं कांहींएक संबंध नाहीं अशीं मधलीं कामें निर्वेधपणें चालत. वरचें काम मुदतींत झालें नाहीं, एवढें पहारेकरी यंत्रणेच्या ध्यानांत येई, आणि ती सगळाच डाव मोडून नव्यानें मांडी.

येथें नियम कोणींच मोडला नव्हता. प्रत्येक पायरीवर वरच्यालाच अग्रक्रम मिळाला, आणि त्याचा परिणाम असा कीं सर्वांत वरचाच सर्वांत मागें राहिला.

ह्यावरचा उपाय शा, राजकुमार आणि लेहोच्की ह्यांनीं १९९० सालींच विवेचिला होता. थोराला हवी असलेली वस्तु ज्या लहानाच्या हातांत आहे, त्याला ती परत करीपर्यंत थोराचाच अग्रक्रम द्यावा, म्हणजे मधल्या कोणालाहि त्याला अडवितां येत नाहीं. यानाच्या संगणकांत ही सोय होती, परंतु त्या कुलुपापुरती ती चालू केलेली नव्हती. पृथ्वीवरील तशाच यंत्रावर दोष हुडकून काढल्यावर शास्त्रज्ञांनीं ती येथूनच चालू करून दिली, आणि तो त्रास थांबला.

ह्याला कोणी न्याय म्हणेल काय? मला तसें म्हणवत नाहीं. हवामानाच्या कामाला मिळालेला मान त्याचा स्वतःचा नव्हे. कुलूप सुटतांच तो पुनः आपल्या पायरीवर. परंतु ह्या उसन्या मानाच्या मागें एक गोष्ट आहे, ती मात्र मला न्यायाच्या जवळची वाटते. कुलूप कोणाच्या हातीं आहे, ह्याची नोंद यंत्राजवळ असते. थोर खोळंबला तर तो कोणावर अवलंबून आहे हें यंत्राला ठाऊक असतें. माणसांच्या संस्थांत नेमकें हेंच ठाऊक नसतें.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या महाविद्यालयांत परीक्षेचा पहिला दिवस होता. उत्तरपत्रिकांच्या कपाटाची किल्ली एका शिपायाजवळ होती. वीस मिनिटें झालीं तरी कपाट उघडेना. तीनशें मुलें बाकांवर बसून राहिलीं, आणि प्राचार्य दारांत येरझारा घालीत राहिले. शिपाई आला तो धांपा टाकीत. मुख्य लेखनिकांनीं त्याला बँकेंत पाठविलें होतें, आणि तेथून येतांच एका प्राध्यापकानें ग्रंथालयांतून एक जाडजूड कोश आणावयास धाडलें होतें. तो प्राध्यापक मीच. किल्ली त्याच्या खिशांत आहे हें मला माहीत नव्हतें. मींहि विचारलें नव्हतें, आणि 'नंतर आणतों' असें मला सांगण्याचा त्याचा अधिकार नव्हता. प्राचार्यांनीं त्याला सर्वांसमक्ष खडसावलें व एका दिवसाचा पगार कापला. कोश माझ्या टेबलावर होता. मी बोललों नाहीं. त्या वेळीं माझ्या मनानें दिलेलें कारण असें कीं, परीक्षेच्या गडबडींत आणखी वाद नको; म्हणजे तेथेंहि मीं अग्रक्रमच लाविला.

पुतण्यानें मंगळाची हकीकत सांगितली त्या रात्रीं मला तो कोश आठवला. पुढच्या आठवड्यांत मी त्या शिपायाच्या घरीं गेलों. तो आतां सेवानिवृत्त झाला आहे. मीं सर्व सांगितलें, आणि कापलेल्या पगाराचे पैसे पुढें केले. त्यानें ते घेतले नाहीत. "सर, कोश तुम्हीच मागवला होता हें मला त्याच दिवशीं माहीत होतं कीं," तो म्हणाला, आणि चहा आंत सांगून आला. मग थोड्या वेळानें त्यानें विचारलें, "किल्ल्या आतां कोणाजवळ असतात?"

किल्ल्या आतां कार्यालयांतील एका पेटींत ठेवतात, असें मीं सांगितलें. पेटीची किल्ली नव्या शिपायाजवळ असते.