सहीची घाई करू नकोस

धाराशिव

चि. मनू हिला आबांचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला, पण फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र. पहाटे पाचला उठून, डबा भरून, पहिल्या बसने तू मिहानला विमानदुरुस्ती शिकायला जातेस हे ऐकून बरं वाटलं (डब्यात भाकरी असू दे गं, बिस्किटांवर दिवस काढू नकोस). पण बोलता बोलता तू म्हणालीस, की विमान उभं राहिलं की वरून खाली सगळ्यांचीच घाई सुरू होते, आणि शिकाऊ पोरांच्या वाट्याला मात्र पुसापुशी आणि वाट बघणं. ते मनात घोळत राहिलं.

त्या घाईवरूनच आठवलं, तू शाळेत होतीस तेव्हाची गोष्ट. १२ मार्च २०१८ ला इंडिगोचं विमान अहमदाबादहून लखनौला निघालं आणि एक इंजिन बिघडल्यामुळे परत फिरलं. त्याच दिवशी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, तुम्ही ज्याला डीजीसीए म्हणता त्याने, त्या मालिकेतली इंजिनं बसवलेली ११ विमानं जागीच थांबवली. ८ इंडिगोची, ३ गोएअरची. पुढल्या वर्षी त्याच घराण्यातल्या इंजिनांच्या टर्बाइनची पाती तुटू लागली, तेव्हा १ नोव्हेंबर २०१९ ला हुकूम निघाला, की इंडिगोने आपल्या ९७ विमानांची जुनी इंजिनं बदलून सुधारलेली बसवावीत, मुदत जानेवारीअखेर. मुदत पुढे वाढवावी लागली, पण इंजिनं बदलण्यातून सुटका मिळाली नाही, आणि हे मला फार मोलाचं वाटतं.

मग २०२३ सालचं तर तुझ्याच अभ्यासात आहे. ज्या धातूच्या भुकटीपासून त्याच इंजिनांतल्या तबकड्या घडवल्या जातात, तिच्यातच डोळ्यांना न दिसणारी अशुद्धी मिसळली होती, आणि हे कळलं तोवर ती इंजिनं जगभर उडत होती. शेकडो इंजिनं पंखाखालून उतरवून, खोलून, एकेक तबकडी अल्ट्रासाऊंडने तपासायची ठरली. एका इंजिनामागे ३०० दिवसांच्या आसपास लागतील असा इंजिन बनवणाऱ्या कंपनीचाच अंदाज होता. इंडिगोची सत्तरहून अधिक विमानं एका वेळी उभी राहिली. अल्ट्रासाऊंडचं तू समजावून सांगितलंस तेव्हा मला आमचं एसटीचं आगार आठवलं. गाडी मार्गावर सोडण्याआधी चाकाचे नट हातोडीने ठोकत जायचं. घट्ट असला की खणखणीत वाजतो, ढिला किंवा चिरलेला असला की बद्द. तुमचं यंत्रही आवाज आत पाठवून परत काय येतं ते ऐकतं. ऐकायला वेळ द्यावा लागतो, एवढंच माझं म्हणणं.

आता जरा निवांत बसून वाच. १९ जुलै १९८९ ला अमेरिकेत युनायटेड कंपनीचं डीसी-१० विमान सू सिटीच्या धावपट्टीवर कोसळलं. शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याची तबकडी हवेतच फुटली, तिच्या तुकड्यांनी हायड्रॉलिकच्या तिन्ही व्यवस्था निकामी केल्या. २९६ माणसांपैकी ११२ गेली. त्या टायटॅनियमच्या तबकडीत घडतानाच एक बारीक दोष राहिला होता, त्यातून वर्षानुवर्षं चीर वाढत गेली. आणि लेकरा, अपघाताच्या साधारण साडेसातशे उड्डाणं आधी ती तबकडी चकाकणारा द्रव लावून तपासली गेली होती. चीर तेव्हा दिसण्याजोगी होती, असं चौकशी करणाऱ्यांनी लिहून ठेवलं. म्हणजे नियम होता, तपासणी झाली, कागद पुरा होता, आणि चीर तशीच पुढे गेली. त्या तपासनिसावर मी राग धरत नाही. त्याच्याही मागे कुणी घाई करत उभं असेल, म्हणून मला फक्त तुझ्या मागे उभ्या राहणाऱ्याची काळजी वाटते.

तीच तपासणी तू आता शिकते आहेस. भाग स्वच्छ धुवायचा, द्रव लावून थांबायचं, म्हणजे तो चिरेत मुरतो. वरचा पुसून पावडर लावायची, परत थांबायचं. मग अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली बघायचं, पण त्याआधी डोळे अंधाराला सरावू द्यायचे. किती वेळा थांबणं आलं बघ! तुला जे वाट बघणं वाटतं, ते कामच आहे. धुण्यात कसूर राहिली तर चिरेत द्रव शिरतच नाही, तेव्हा त्या पुसापुशीलाही हलकं समजू नकोस.

काटकसरीचंही लिहितो, कारण आपल्या घरात सुतळीचा तुकडाही फेकत नाहीत (आजीचा सुतळीचा डबा अजून भरतोच आहे). तुमच्याकडे मात्र तबकडीची ठरलेली उड्डाणं भरली की ती कोरी दिसली तरी मोडीत जाते, कुणी परत बसवू नये म्हणून तिची नासधूसही करतात. ते जिवावर येऊ देऊ नकोस. काटकसर करायची तर पाने जागच्या जागी ठेवण्यात कर, काम संपल्यावर चिंध्या मोजण्यात कर.

तू मन लावून काम करतेस, खोटं तुला जमत नाही, हे मला कुणी सांगायला नको. उद्या परवाना हाती येईल, मग कागदावर तुझी सही पडेल. रात्रपाळी संपत आली असेल, विमान सकाळी सुटायचं असेल, तरी एखाद्या जागी नजर अडली तर परत धुवून परत बघ, वरिष्ठांना उठवून दाखव, आणि मन मानत नसेल तर त्या दिवशी सही करू नकोस. कुणी बोललं तर बोलू दे.

दसऱ्याला रजा मिळाली तर तुळजापूरला जाऊ. नाही मिळाली तरी हरकत नाही, देवी काही रागवायची नाही.

तुझे
आबा