चमत्काराची साक्ष काढताना

सहाव्या शतकातल्या गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भूमीत, तूर या गावी संत मार्टिनची कबर होती. मार्टिन 397 मध्ये वारला. 573 मध्ये तूरच्या बिशपपदावर आलेल्या ग्रेगरीने त्या कबरीच्या चमत्कारांवर लॅटिनमध्ये चार भाग लिहिले. त्यांत पांगळे चालू लागतात, आंधळ्यांना दिसू लागते, कबरीवरची धूळ पाण्यातून घेतल्यावर खुद्द ग्रेगरीची हगवण थांबते, कैद्यांच्या बेड्या तुटून पडतात. याच ग्रेगरीच्या दहा भागांच्या इतिहासावाचून मेरोव्हिंजियन राजांच्या अभ्यासकांचे पान हलत नाही. चमत्कारांचे भाग मात्र दीर्घकाळ भाकडकथा म्हणून बाजूला पडले. एकाच माणसाने त्याच वर्षांत लिहिलेल्या मजकुराची अशी वाटणी सोयीची असेल, पण तिला पद्धत म्हणता येणार नाही. माझे म्हणणे आणखी एक पाऊल पुढे जाते. सामान्य माणसाच्या जगण्याबद्दल विचारायचे असेल, तर चमत्कारांचे भाग राजांच्या इतिहासापेक्षा चांगले साक्षीदार ठरतात, आणि याचे कारण त्यांच्या चमत्कारिकपणातच आहे.

न पटण्यासारखी एक गोष्ट सांगायची असेल, तर तिच्याभोवतीचे बाकी सगळे ऐकणाऱ्याला ओळखीचे वाटावे लागते. ग्रेगरीचा पहिला भाग त्याच्या आधीच्या काळाचा आहे. पुढचे तीन त्याच्या स्वतःच्या कारकिर्दीतले, 4 जुलै आणि 11 नोव्हेंबर या मार्टिनच्या सणांना येणाऱ्या यात्रेकरूंच्या हकिगती नोंदवत गेलेले. त्याचे लॅटिन गावंढळ आहे, अशी त्याला स्वतःलाच खंत होती; पण लोकांना समजते ते हेच, असे स्वप्नात आईने बजावल्याचे तो लिहितो. असा श्रोता समोर ठेवून लिहिणारा माणूस रोगमुक्तीवर विश्वास मागू शकतो, पण गावातल्या रीतीभाती मनाच्या सांगू शकत नाही. बूर्जच्या मुलखातली एक हकिगत पाहा. एका बाईला हातपाय आखडलेले मूल झाले. गर्भ रविवारच्या रात्री राहिला, असे तिने रडत कबूल केले, आणि ग्रेगरी त्यावर नवराबायकोंना उपदेश करून मोकळा होतो. आपल्याला तो निर्दय वाटतो आणि आहेही. पण हकिगतीच्या ओघात तो आणखी एक गोष्ट सांगून जातो: आईने मूल वाढवले, मग भिकाऱ्यांच्या हवाली केले, आणि ते त्याला गाडीवर घालून गावोगाव दाखवत पैसे मिळवू लागले. अपंग मुलाच्या दर्शनावर पोट भरणाऱ्या टोळीबद्दल ग्रेगरीला काहीच सिद्ध करायचे नाही. म्हणूनच तिथे तो माझ्या दृष्टीने सर्वांत विश्वासार्ह आहे.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे शुभवर्तमानांतून उचललेले आहे: येशूने आंधळे-पांगळे बरे केले, म्हणून मार्टिनही करतो. आक्षेप वजनदार आहे. आंधळ्यांची संख्या मोजून त्यावरून सहाव्या शतकातल्या नेत्ररोगांचे प्रमाण काढायला बसणे त्यामुळे फोल ठरते. पण साचा ठाऊक असला की साच्याबाहेरचे काय आहे तेही ओळखता येते. रविवारी काम करणाऱ्यांना घडलेल्या शिक्षांच्या कथा घ्या. पाव भाजणाऱ्या बाईचा हात आगीसारखा पोळू लागतो. पाऊस येईल या भीतीने गवत गाडीत भरणाऱ्याचा पाय भाजतो. येशू शब्बाथच्या दिवशी वाळलेला हात बरा करतो. इथे पवित्र दिवशी धडधाकट हात निकामी होतो. हा नमुना शुभवर्तमानांतून आलेला असणे शक्य नाही, तो त्या काळच्या भांडणातून आला आहे. 538 च्या ऑर्लेआंच्या धर्मपरिषदेने रविवारी नांगरणी, कापणी, द्राक्षमळ्याची कामे बंद केली, पण स्वयंपाक वा प्रवास निषिद्ध मानणे हा यहुदी आग्रह असल्याचे सांगून त्या दोन्हींना मोकळीक ठेवली. 585 च्या माकॉनच्या परिषदेने सूर चढवला: रविवारी खटला चालवणाऱ्या वकिलाने आपला अधिकार गमवावा, शेतकऱ्याने किंवा दासाने फटके खावेत. ऑर्लेआंने मोकळे ठेवलेले चुलीपुढचे काम चमत्कारकथेत मात्र दंडनीय झाले आहे. ढग भरून आले की लोक रविवार बघत नव्हते, गवत बघत होते, हे परिषदेच्या ठरावांतून कळत नाही, कथेतून कळते.

दुसरा आक्षेप लेखकाच्या हितसंबंधाचा. तूरचा बिशप तूरच्या संताची थोरवी गाणारच. यात्रेकरू, दाने आणि मान सगळे त्या कबरीवर अवलंबून. खरे आहे. पण ज्याचा स्वार्थ उघड दिसतो तो साक्षीदार तपासायला सोपा असतो, आणि कधी कधी त्याचा स्वार्थच आपल्या उपयोगी पडतो. बूर्जचा आर्चडीकन लिओनास्टिस याची गोष्ट ग्रेगरीने इतिहासात घातली आहे, म्हणजे इतिहास वेगळा आणि चमत्कार वेगळे ही वाटणी त्यालाच मान्य नव्हती. लिओनास्टिसच्या डोळ्यांत पडदे आले, मार्टिनच्या मंदिरात राहून थोडे दिसू लागले. मग तो एका यहुदी वैद्याकडून तुंबड्या लावून घेतो आणि पुन्हा आंधळा होतो. वैद्याकडे जाऊ नका, हा ग्रेगरीचा धडा. पण या धड्यासाठी त्याला कबूल करावे लागले की चर्चचा अधिकारीसुद्धा संतावर सगळा भार टाकून बसत नसे, आणि गॉलमध्ये यहुदी वैद्यांकडे ख्रिस्ती रोगी जात असत. ‘त्या काळचे लोक कशावरही विश्वास ठेवत’ हे आपले लाडके वाक्यही इथेच कोसळते. पुढे नवव्या शतकात दिजोंला संताच्या म्हणून काही अस्थी आणल्या गेल्या. संताचे नावच आणणाऱ्याला आठवत नव्हते, आणि तिथे बायका जमिनीवर कोसळून झटके देऊ लागल्या. लिओंचा आर्चबिशप अमोलो याने लांग्रच्या बिशपला लिहिले की यात लबाडी आणि पैशाचा लोभ दिसतो, अस्थी लोकांच्या नजरेआड पुरून टाकाव्यात. चमत्कार मानणारा माणूसच इथे चमत्कार नाकारतो आहे.

तरीही खरा प्रश्न उरतोच: ते घडले का? नैसर्गिक नियमाविरुद्धच्या घटनेला कोणतीही साक्ष पुरेशी ठरत नाही, असा डेव्हिड ह्यूमचा 1748 मधला युक्तिवाद मला त्याच्या जागी पटतो. पण तो घटनेबद्दल आहे, साक्षीदाराच्या उरलेल्या जबानीबद्दल नाही. कोर्टातही एका मुद्द्यावर अविश्वसनीय ठरलेल्याची सगळी जबानी आपोआप रद्द होत नाही. ‘त्यांच्या दृष्टीने ते खरे होते’ असे म्हणून हात झटकणे मात्र मला पळवाट वाटते. हगवणीतून ग्रेगरी उठला हे खरे असू शकते, धुळीने उठला हे मी मानत नाही, आणि ही दोन विधाने वेगळी ठेवण्यात त्याचा काही अपमान नाही. या ग्रंथांची मोठी उणीव दुसरीकडे आहे. जे बरे न होता परत गेले, त्यांची गणती कोणी ठेवली नाही. म्हणून किती जणांना गुण आला हा प्रश्न ग्रेगरीला विचारण्यात अर्थ नाही. रविवारी कोण राबत होते, आजारी पडल्यावर आधी कोणाकडे जात होते, हे मात्र त्याला जरूर विचारावे. त्यासाठी माकॉनचा ठराव आधी वाचावा आणि गवताची गाडी भरणाऱ्याची गोष्ट लगेच त्यानंतर.