अंधाचा वाटाड्या आणि आपली तहारत



२०१३ पासून लोकल विरारपुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली. पालघर, उमरोळी, बोईसर असा प्रवास करीत तारापूरच्या कारखान्यांत जाणारे आपल्यातील कितीतरी जण तिच्याच भरवशावर असतात. समजा, उद्या त्या गर्दीत एक दृष्टिहीन मनुष्य प्रशिक्षित कुत्र्याच्या आधाराने चढला. आपल्याकडे अंधाच्या हाती बहुधा पांढरी काठीच दिसते. परंतु असे वाटाडे कुत्रे अनेक देशांत रुळले आहेत. त्या वेळी, अंगावर नमाजाचे कपडे आहेत म्हणून, आपण त्याला खाली उतरायला सांगणार काय?

तहारतीची काळजी रास्त आहे. तिला कोणी हसू नये. मात्र तिचा हुकूम नीट जाणून घ्यावा. कोकणातील आपल्यापैकी पुष्कळ जण शाफई आहेत. त्या मसलकात कुत्र्याचे सर्वांग नजिस, आणि ओला स्पर्श झाल्यास ती जागा सात वेळा, त्यांपैकी एकदा मातीने, धुवावी लागते. हनफी मसलकात त्याची लाळ नजिस आहे, कोरडे अंग नव्हे. पण कोरड्याला कोरडे लागले तर नजासत लागत नाही, हे दोन्हीकडे मान्य आहे. म्हणजे फार तर एक सदरा धुवावा लागेल. त्यासाठी दुसऱ्याचा प्रवास, त्याची रोजी हिरावून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकविलेल्या शिकारी जनावरांनी पकडलेली शिकार हलाल ठरविली आहे, आणि त्यांना शिकविण्याचे ज्ञान अल्लाहनेच दिले, असेही तेथे म्हटले आहे. शेत आणि गुरे राखण्यासाठी कुत्रा पाळण्याची मुभा हदीसमध्ये आहे. गुरांच्या राखणीला मुभा असेल, तर माणसाचा जीव रुळांपासून राखणाऱ्याला ती का नसावी?

एका अंध सहाबींनी प्रेषितांना (स.) विनविले, की मशिदीपर्यंत आणणारा वाटाड्या मला नाही, तेव्हा घरी नमाज पढू द्यावी. प्रेषितांनी (स.) आधी परवानगी दिली; मग अजान ऐकू येते हे कळल्यावर येण्यास सांगितले. ही हदीस आपण जमातीचे महत्त्व सांगताना ऐकवतो. त्या सहाबींची वाटाड्याची अडचण मात्र सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

२००८ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर शहरात एका अंध मुस्लिम तरुणाला वाटाड्या कुत्र्यासह मशिदीत येऊ दिले गेले. कुत्र्याची जागा प्रवेशद्वारापाशी, नमाजाच्या दालनाबाहेर ठेवली होती. तहारतही राहिली, जमातही मिळाली. आपल्या मशिदींच्या विश्वस्तांनी वुजूखान्यापासून दूर अशी एक कोरडी जागा आजच हेरून ठेवावी.

आणि गाडीत? त्या कुत्र्याला हाक मारू नका, खाऊ घालू नका, मुलांना हात लावू देऊ नका; ते कामावर असते. दिव्यांगांच्या डब्यात धडधाकट असून बसला असाल, तर उठा. मदत हवी का, हे कुत्र्याच्या पट्ट्याला हात न घालता, आधी त्या माणसाला विचारा.